दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली, तर पुढे काय काय होते?

गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी आमच्या गल्लीतला एक मुलगा दोन कागद घेऊन माझ्या दारात उभा राहिला. आदल्या रात्री काकतीजवळच्या एका ढाब्यावर मित्राच्या लग्नाचे जेवण उरकून परतताना पोलिसांनी त्याची मोटारसायकल अडवली होती. एक कागद म्हणजे फुंकायच्या मशीनमधून निघालेली अरुंद स्लिप होती आणि तिच्यावर ८७ हा आकडा छापलेला होता. दुसरा कागद संपूर्ण कन्नडमध्ये लिहिलेला होता आणि त्याच्या तळाशी या मुलाची सही होती. ‘‘काका, दंड किती तेवढे सांगा, आजच भरून टाकतो आणि विषय मिटवतो,’’ असे तो म्हणाला. सही केलेल्या कागदात काय लिहिले आहे, हे मात्र त्याला सांगता आले नाही. त्याला कन्नड अस्खलित बोलता येते, वाचता येत नाही.

वकिलीच्या निमित्ताने मी ‘दंड भरून विषय मिटवतो’ हे वाक्य बेळगावात, खानापुरात, निपाणीत अनेकदा ऐकले आहे, आणि या प्रकरणात माणसाचे नुकसान बहुधा याच गैरसमजातून होते. हेल्मेट नसणे, सिग्नल तोडणे यांसारख्या कसुरांत ठरलेली रक्कम भरून जागेवर तडजोड करता येते, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये अशा तडजोडयोग्य गुन्ह्यांची यादीच दिलेली आहे. दारू पिऊन वाहन चालवण्याचे कलम १८५ त्या यादीत नाही. त्यामुळे रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला या गुन्ह्याचा दंड रोख घेऊन तुम्हाला सोडून देण्याचा अधिकार नाही. तशी रक्कम कोणी मागितली, तर तो दंड नव्हे. हा फौजदारी खटला आहे आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच चालतो. सप्टेंबर २०१९ मध्ये कर्नाटक सरकारने वाहतुकीचे अनेक दंड कमी केले, तेव्हा यातही सवलत मिळाली असा समज पसरला होता; परंतु राज्य सरकार कमी करू शकते ती तडजोडीची रक्कम, आणि येथे तडजोडच नाही.

आता कायदा नेमके काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो केंद्राचा आहे, म्हणजे कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कागलच्या बाजूला गेले, किंवा शिनोळीहून चंदगड तालुक्यात शिरले, म्हणून कलम बदलत नाही. गाडीची पाटी केए-२२ असो, एमएच-०९ असो की गोव्याची, मर्यादा एकच आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याहून अधिक आढळले, की गुन्हा झाला. तुम्ही तोल सांभाळून चालत होता, स्पष्ट बोलत होता किंवा गाडी सरळ रेषेत आणत होता, याचा मर्यादा ओलांडण्याशी काही संबंध नाही. गांजा किंवा अन्य अमली पदार्थांसाठी असा आकडा नाही. तेथे वाहनावर ताबा ठेवण्याची क्षमता उरली नव्हती, हे दाखवावे लागते. कलमात ‘वाहन चालवणे’ याबरोबर ‘चालवण्याचा प्रयत्न करणे’ हेही शब्द आहेत, तेव्हा सीटवर बसून गाडी सुरू करणाराही त्यात येऊ शकतो. आणि मोटार वाहन म्हणजे केवळ कार आणि मोटारसायकल नव्हे. गळीत हंगामात अथणी, चिकोडी, निपाणी भागांत रात्रभर ऊस वाहणारा ट्रॅक्टरही मोटार वाहनच आहे आणि त्याच्या चालकाला हेच कलम लागू होते.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांचा अंदाज येथेच चुकतो. व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ६५ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात तेवढ्याने साधारण २३ मिलिग्रॅमची भर पडते, आणि स्त्रियांच्या किंवा कमी वजनाच्या माणसांच्या बाबतीत त्याहून अधिक. म्हणजे दुसऱ्या पेगला मर्यादा मागे पडते. ‘नुसती बिअर घेतली’ हे सांगणे तर निरर्थक आहे, कारण ६५० मिलिलिटरच्या सौम्य बिअरच्या एका बाटलीतच २५ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असते आणि ती एकटी बाटली याच माणसाला पन्नासच्या पुढे नेऊ शकते. यकृत रक्तातील हे प्रमाण ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या संथ गतीने कमी करते. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी ही गती वाढत नाही. हिशेब करून पाहावा : रात्री ११ वाजेपर्यंत ६० मिलिलिटरचे चार पेग घेतलेल्या माणसाच्या रक्तातील प्रमाण १८० च्या घरात पोहोचू शकते, आणि मग झोप घेऊन, आंघोळ करून, देवाला नमस्कार करून तो सकाळी ९ वाजता कामावर निघाला, तरी मशीनवर तिशीच्या पुढचा आकडा दिसू शकतो. हे आकडे प्रकृतीनुसार कमीजास्त होतात. पण ‘ती कालची होती’ हा बचाव कायद्यात नाही.

रस्त्यावर थांबवल्यानंतर गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला संशयास वाजवी कारण असेल, तर तो कलम २०३ नुसार श्वासाची चाचणी घेऊ शकतो. फुंकण्याची नळी नवी, तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली असावी, असे म्हणणे गैर नाही. आकडा येताच स्लिप निघते. ती पाहून घ्यावी, तिच्यावरील तारीख, वेळ आणि वाहन क्रमांक बरोबर आहे का ते तपासावे, प्रत मिळाली तर लगेच तिचे छायाचित्र काढून ठेवावे. ही स्लिप उष्णतेने छापणाऱ्या गुळगुळीत कागदावर असते, आणि पाकिटात ठेवलेल्या अशा कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. खटल्याची तारीख येईपर्यंत कोऱ्या कागदाशिवाय हाती काही राहत नाही. खोकल्याचे औषध किंवा माउथवॉश नुकतेच घेतले असेल, तर तोंडातील अल्कोहोलमुळे आकडा क्षणिक वाढू शकतो, म्हणून ते तेव्हाच सांगून काही मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी.

फुंकण्यास नकार दिला तर पुरावाच राहणार नाही, हा सल्ला ढाब्यावर सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. नकार दिला आणि अधिकाऱ्याला संशयास कारण असेल, तर विनावॉरंट अटक करता येते. पुढे कलम २०५ प्रमाणे तो नकार न्यायालय तुमच्या विरुद्धच्या पुराव्याला बळ देणारी बाब म्हणून गृहीत धरू शकते. नकारासाठी खरोखरच वाजवी कारण असेल, उदाहरणार्थ दम्याचा झटका, तर ते सिद्ध करण्याची संधी मिळते. रुग्णालयात दाखल असलेल्या जखमी चालकाला मात्र तेथून अटक करता येत नाही.

अटकेनंतरचे पहिले दोन तास कायद्याने फार काळजीपूर्वक बांधलेले आहेत. कलम २०२ सांगते की या गुन्ह्यासाठी अटक झालेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे. तशी झाली नाही, तर तिला कोठडीतून सोडावे लागते. ठाण्यात पुन्हा एकदा श्वासाची चाचणी देण्याची संधी मिळते, आणि गरज असल्यास प्रयोगशाळेसाठी रक्ताचा नमुना घेतला जातो. चालक स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर नमुना दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यावा लागतो. अटक किती वाजता झाली आणि रुग्णालयाच्या कागदावर किती वाजले होते, या दोन वेळा लिहून ठेवणे म्हणून महत्त्वाचे ठरते. सोबत आलेल्या भावाने किंवा मित्राने हे काम करावे. अटक झालेला माणूस त्या अवस्थेत वेळ नीट सांगू शकेलच असे नाही.

सीमाभागातील मराठी माणसाची खरी अडचण यानंतर सुरू होते, आणि त्यामुळेच मी तिच्यावर थोडा अधिक वेळ घेतो. ठाण्यातील सर्व लिखाण कन्नडमध्ये होते : तक्रार, पंचनामा, जामीनपत्र, नोटीस. आपली मुले कन्नड बोलतात, पण मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांना हस्ताक्षरातील कन्नड वाचता येत नाही, आणि रात्री एक वाजता ‘इथे सही करा’ म्हटल्यावर सही होऊन जाते. अटकेची कारणे कळवली जाणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिलेला अधिकार आहे, आणि ती कारणे अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत कळली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मधील निकालांत स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘हे मला मराठीत वाचून दाखवा’ असे नम्रपणे म्हणणे म्हणजे पोलिसांशी वाद घालणे नव्हे. वाचून दाखवणारे कोणी नसेल, तर सहीशेजारी मराठीत ‘मजकूर मला वाचता येत नाही’ एवढे लिहिता येते. न्यायालयातही आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर तिचा अर्थ त्याला समजेल अशा भाषेत सांगितला गेला पाहिजे. आपला तालुका कोणत्या राज्यात असावा याबद्दल कोणाचे काहीही मत असो, हा हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही, असा माझा अनुभव आहे.

अपघात झालेला नसेल, तर हा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन ही ठाण्याची मेहेरबानी नसून आरोपीचा हक्क आहे, आणि अटकेची माहिती घरच्यांना किंवा मित्राला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कोणत्याही परिस्थितीत, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांच्या पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केल्याशिवाय कोठडीत ठेवता येत नाही. गाडी सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था पोलीस करतात. ती सोडवताना मूळ कागदपत्रे, विमा आणि परवाना असलेला, न प्यालेला चालक सोबत न्यावा.

परवान्याचे काय होते, ते जरा गुंतागुंतीचे आहे, कारण येथे दोन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली वाट आरटीओची. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या तरतुदीनुसार पोलीस जागेवरच परवाना ताब्यात घेऊन तो परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. त्याबदली पोचपावती मिळते, आणि ‘पावती आहे, म्हणजे गाडी चालवता येईल’ असे समजून लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर येतात. कायद्यात नेमके उलटे लिहिले आहे : परवाना परत मिळेपर्यंत त्या पोचपावतीवर वाहन चालवता येत नाही. प्राधिकारी तुमचे म्हणणे ऐकून पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो आणि दुसऱ्या वेळी परवाना रद्दही करू शकतो. तो परत मिळण्यापूर्वी चालकांसाठीचे उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. परवाना कोल्हापूरचा असला, तरी तो तिकडच्या कार्यालयाकडे जातो.

दुसरी वाट न्यायालयाची, आणि ती अधिक कठोर आहे. गुन्हा सिद्ध झाला, तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या किंवा त्यापुढील वेळी २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शिक्षा झाल्यावर परवान्याची अपात्रता कलम २० मध्ये वेगळी सांगितली आहे आणि या गुन्ह्यासाठी तिची मुदत किमान ६ महिने ठेवलेली आहे. त्या काळात गाडी चालवताना सापडलात, तर तो कलम १८२ खालील स्वतंत्र गुन्हा होतो आणि त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पहिल्याच तारखेला ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरणारे बहुसंख्य असतात. आकडा स्पष्ट असेल, कागदपत्रे व्यवस्थित असतील, तर तो निर्णय कधीकधी शहाणपणाचाही असतो. परंतु तो काय निर्णय आहे, हे माहीत असावे. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढच्या वेळी सापडलात, तर तुम्ही ‘दुसऱ्यांदा गुन्हा करणारे’ ठरता, मग मध्ये दहा वर्षे गेलेली असोत, कारण पूर्वी कायद्यात असलेली तीन वर्षांची अट २०१९ मध्ये काढली गेली. उलट, पुरावा कच्चा असेल तर लढण्यासारखे बरेच काही असते. तोंडाला वास येणे, पाय लटपटणे, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या असणे एवढ्यावरून माणूस प्यालेला होता असा निष्कर्ष काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात १९७१ मध्येच म्हटले होते. स्लिप नाही, रक्ताची चाचणी नाही, दोन तासांची मर्यादा पाळलेली नाही, असे असेल तर कबुली देण्याआधी वकिलाला कागद दाखवावेत. आणि तारीख चुकवू नये. ‘केस बेळगावची आहे, मी गडहिंग्लजचा’ असे म्हणून घरी बसलेल्या माणसाविरुद्ध निघालेले वॉरंट महाराष्ट्रातही बजावता येते.

अपघात झाला असेल, तर चित्र पूर्णपणे पालटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्याला कलम २८१ आहे, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कलम १०६ नुसार ५ वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंडविधानात ती २ वर्षांपर्यंत होती. त्याहून गंभीर म्हणजे, प्यालेल्या चालकावर कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावता येतो आणि तो जामीनपात्र नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथाजवळ झोपलेल्या सात मजुरांना एका गाडीने चिरडले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दिलेली ३ वर्षांची शिक्षा कायम केली. ‘शुद्धीत नव्हतो, कळले नाही’ हे सांगून सुटका होत नाही, कारण स्वेच्छेने प्यालेल्या माणसाला शुद्धीवरील माणसाइतकीच जाणीव होती, असे कायदा धरून चालतो. जखमीला रुग्णालयात पोहोचवणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटात रात्री घाबरून पळून जाणारा माणूस एका गुन्ह्याचे दोन गुन्हे करतो, आणि तोवर रस्त्याकडेला पडलेल्याचा जीव जात असतो.

विम्याचा विचार कोणी करत नाही, पण कुटुंब बुडते ते येथे. चालक दारूच्या अमलाखाली असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते, ही अट पॉलिसीतच असते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका महागड्या गाडीच्या अपघातात, श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नसतानाही इतर परिस्थितीवरून कंपनीचा नकार योग्य ठरवला. म्हणजे फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा मिळाला, तरी विम्याच्या दाव्यात तो मिळेलच असे नाही. समोरच्या जखमीच्या किंवा मृताच्या भरपाईबाबत, आधी कंपनीने पीडितांना रक्कम द्यावी आणि नंतर ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायाधिकरणे देत आली आहेत. मृत व्यक्ती कमावती असेल, तर ही रक्कम काही लाखांच्या पुढे सहज जाते, आणि वसुली होते ती मालकाच्या शेतावर, घरावर. गाडी मुलाने चालवली आणि आरसी बापाच्या नावावर असली, तर नोटीस बापाला येते.

नोकरीचे परिणामही येथेच सांगायला हवेत. एसटी किंवा वायव्य कर्नाटक परिवहनच्या चालकासारख्या माणसाला परवाना नाही म्हणजे कामच नाही. सरकारी सेवेत खातेनिहाय चौकशी स्वतंत्र चालते. २०२२ मध्ये एका पोलीस दलाच्या चालकाच्या प्रकरणात, जीवितहानी झाली नाही हे केवळ नशीब होते, त्यामुळे सौम्य वागणूक मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. खटला चालू असताना पासपोर्टचा अर्ज अडकू शकतो, आणि अर्जात खटला लपवला तर ते वेगळे संकट उभे राहते. गोव्याहून येताना डिकीत बाटल्या सापडल्या, तर त्या कर्नाटक अबकारी कायद्याखाली निराळे प्रकरण होतात. आणि मागे बसलेल्या मित्रांनीही आपण सुटलो असे समजू नये : कलम १८८ नुसार या गुन्ह्यास प्रोत्साहन देणाऱ्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. माझ्या मते, प्यालेल्या मित्राच्या हातात स्वतःच्या गाडीची किल्ली ठेवणाऱ्याने हे कलम एकदा वाचावे.

वकील परवडत नसेल, तर कोठडीतील कोणतीही व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्न असलेले लोक यांना १९८७ च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा कायदे सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो, आणि १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते.

माझ्याकडे आलेल्या त्या मुलाचा कन्नड कागद मी त्याला ओळीने वाचून दाखवला. वेळा बरोबर होत्या, रुग्णालयाचा दाखला दीड तासाच्या आतला होता, आकडा मर्यादेच्या जवळपास तिप्पट होता. लढण्यासारखे काही नव्हते, हे मी त्याला तसेच सांगितले. त्याने न्यायालयात कबुली दिली, दहा हजार रुपये भरले आणि परवाना सहा महिन्यांसाठी जमा केला. उद्यमबागेतल्या कारखान्यात त्याची पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते, आणि सध्या तो पावणेसहाची सिटी बस धरण्यासाठी अंधारात घराबाहेर पडतो. मोटारसायकल दारात ताडपत्रीखाली उभी आहे. किल्ली त्याच्या आईने देवघरातल्या डब्यात ठेवली आहे.